घरकर्ज थकलं तर: पहिल्या पाकिटापासून लिलावाच्या तारखेपर्यंत काय करायचं

लातूरला क्लासेसच्या भागात एका मावशींचं दुमजली घर होतं. खाली त्या स्वतः राहायच्या. वर चार खोल्या बांधून नीटची तयारी करणाऱ्या पोरांना भाड्याने दिल्या होत्या. बांधकामाचं कर्ज त्या भाड्यातूनच फिटायचं. २०२० मध्ये टाळेबंदी लागली, पोरं गावी गेली, खोल्या रिकाम्या पडल्या. हप्त्यांना मिळालेली सहा महिन्यांची सवलत संपली तरी क्लास उघडले नव्हते. पुढच्या वर्षी त्यांचा भाचा मला घरी घेऊन गेला, तेव्हा मावशींनी देव्हाऱ्यामागून तीन पाकिटं काढून माझ्यासमोर ठेवली. तिन्ही रजिस्टर पोस्टाची, तिन्ही बंद. एकावर हळदीचं बोट उमटलेलं. "उघडलं की घर जातंय असं वाटायचं, म्हणून देवापाशीच ठेवले," म्हणाल्या.

पहिल्या पाकिटात साठ दिवसांची मागणी नोटीस होती, दुसऱ्यात ताब्याची आणि तिसऱ्यात लिलावाची. पहिलं आलं तेव्हा उघडलं असतं तर ते घर मावशींना स्वतः गिऱ्हाईक बघून चांगल्या भावात विकता आलं असतं, कर्ज फेडून हातात बऱ्यापैकी रक्कम राहिली असती. मी पोहोचलो तेव्हा लिलावाची जाहिरात छापून झाली होती. घर वाचलं नाही.

मी बावीस वर्षं बँकेत होतो, त्यातली शेवटची काही वसुली विभागात. टेबलाच्या त्या बाजूने एक गोष्ट रोज दिसायची. लोकांचं घर लिलावाच्या दिवशी जात नाही. नोटिसा बंद पडून राहतात, त्या दिवसांत ते हातातून निसटतं. प्रत्येक नोटिशीबरोबर कर्जदाराला एक हक्क मिळतो आणि त्या हक्काला मुदत असते. मुदत गेली की हक्क गेला. म्हणून खाली मुदतींवर जास्त लिहिलं आहे.

आधी शब्द आणि सावकार ओळखा

बँकेच्या काउंटरवर "फोरक्लोजर" म्हणजे कर्ज मुदतीआधी पूर्ण फेडून बंद करणं. "फोरक्लोजर लेटर" मागितलं तर बँक आजच्या तारखेला किती भरलं की खातं बंद होईल तो आकडा देते. घाबरण्यासारखं त्यात काही नाही. उलट हा कागद पुढे फार उपयोगी पडतो. घर जप्त करून विकण्याच्या कारवाईला आपल्याकडे सगळे "सरफेसी" म्हणतात, कारण ती २००२ च्या सरफेसी कायद्याखाली चालते. या कायद्यात बँकेला कोर्टात दावा न लावता गहाण घराचा ताबा घेता येतो आणि ते विकता येतं.

दुसरी गोष्ट, कर्ज कुणाचं आहे ते पाहा. राष्ट्रीयीकृत बँक, खाजगी बँक आणि घरकर्ज देणाऱ्या बहुतेक मोठ्या कंपन्या यांना सरफेसी लागू आहे. सहकारी बँकांबद्दल बरीच वर्षं वाद होता. मे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांनाही हा कायदा लागू असल्याचा निकाल दिला आणि वाद मिटला. पतसंस्थेचा रस्ता मात्र पूर्ण वेगळा आहे, त्यावर पुढे लिहितो. मराठवाड्यात कितीतरी घरं पतसंस्थेच्या कर्जावर उभी आहेत, आणि लोक सरफेसीचे सल्ले ऐकून तिथे चुकीच्या दारात जातात.

सरफेसी कुठे चालत नाही तेही लक्षात ठेवा. थकबाकी मुद्दल-व्याजाच्या २० टक्क्यांपेक्षा कमी राहिली असेल, कर्ज एक लाखापर्यंतचं असेल किंवा तारण शेतजमीन असेल तर हा कायदा वापरता येत नाही. शेतजमिनीबाबत एक गैरसमज गावोगाव आहे: "सातबारा आहे ना, मग बँक काही करू शकत नाही." असं नाही. सातबाऱ्यावर नुसतं शेती लिहिलेलं पुरत नाही. त्या जागेवर खरोखर शेती होते का, हे कोर्ट पाहतं. सातबाऱ्याच्या तुकड्यावर स्लॅबचं घर उभं असेल तर त्या भरवशावर निवांत राहू नका.

हप्ता चुकल्यापासून ९० दिवस

सगळ्यात मोलाचा काळ हाच, आणि माणसं तो बँकेचा फोन टाळण्यात घालवतात.

हप्ता थकल्यावर पहिल्या ३० दिवसांत खातं एसएमए-० मध्ये जातं (एसएमए म्हणजे थकत चाललेल्या खात्यांवर बँक ठेवते ती खूण), ३१ ते ६० दिवसांत एसएमए-१ मध्ये, ६१ ते ९० दिवसांत एसएमए-२ मध्ये. ९० दिवस उलटले की एनपीए, म्हणजे अधिकृतपणे थकीत खातं. हा शिक्का बसेपर्यंत शाखेतला माणूस तुमच्यासाठी बरंच काही करू शकतो. शिक्का बसला की फाईल वसुलीकडे जाते आणि शाखाधिकाऱ्याच्या हातात फारसं काही राहत नाही.

एक नियम कर्जदारांना कुणी नीट सांगत नाही. खातं एकदा एनपीए झालं की एक-दोन हप्ते भरून ते परत सुधारत नाही. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये हे स्पष्ट केलं: सगळी थकबाकी, व्याजासकट, भरली तरच खातं पुन्हा नियमित धरलं जातं. वाळूजचा एक कामगार ओव्हरटाइम बंद झाल्यावर चार हप्ते चुकला. मग चुलत्याकडून उसने घेऊन दोन भरले आणि वाटलं सुटलो. कारवाई चालूच राहिली. हेच दोन हप्ते त्याने महिनाभर आधी भरले असते तर शिक्का बसलाच नसता. म्हणून पैशाची जुळवाजुळव करायची ती ८९ व्या दिवसाच्या आत.

हप्ता भरूनही कर्ज का हलत नाही, हेही समजून घ्या. २० लाख कर्ज, ९ टक्के व्याज, २० वर्षं मुदत धरली तर हप्ता सुमारे १७,९९५ रुपये येतो. पहिल्या महिन्यात त्यातले १५,००० व्याजात जातात, मुद्दलात जेमतेम ३,०००. पाच वर्षं एकही हप्ता न चुकवता भरले तर तुमचे जवळपास १० लाख ८० हजार गेलेले असतात आणि कर्ज उरतं सुमारे १७ लाख ७४ हजार. "इतके भरले, आता कितीसं राहिलं असेल" हा अंदाज इथेच फसतो. म्हणून आधी बँकेतून खातेउतारा आणि फोरक्लोजर लेटर घ्या. बोलणी खऱ्या आकड्यावर करायची.

मग शाखेत जा आणि लेखी अर्ज द्या. तोंडी बोलण्याला पुढे काही अर्थ राहत नाही. मुदत वाढवून हप्ता कमी करून मागता येतो. नोकरी गेली असेल तर कंपनीचं पत्र, आजारपण असेल तर दवाखान्याची कागदं, धंदा असेल तर जीएसटी किंवा बँक उताऱ्यातली घट जोडा. भविष्य निर्वाह निधीतून घरकर्ज फेडायला रक्कम काढायची सोय असते, तीही तपासा. दंडाचे आकडेही पाहा. १८ ऑगस्ट २०२३ च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकानंतर बँकेला दंड व्याज लावता येत नाही, फक्त दंड शुल्क लावता येतं. ते मुद्दलात मिळवून त्यावर पुन्हा व्याज आकारता येत नाही. उताऱ्यात तसं दिसलं तर लेखी हरकत घ्या.

घरातला कर्ता माणूस गेला असेल तर सगळ्यात आधी कर्जाची फाईल उघडून विमा शोधा. कर्ज देताना अनेकदा एकरकमी हप्ता कापून कर्जाला जोडलेला विमा काढलेला असतो आणि घरच्यांना त्याचा पत्ताच नसतो. परभणीच्या एका ताईंनी सात महिने शिवणकाम करून नवऱ्याचे हप्ते ओढले. विमा फाईलमध्येच होता. दावा केल्यावर कर्ज मिटलं.

आणि घर परवडणारच नाही असं मनाला पटलं असेल तर याच काळात स्वतः विका. हे लिहिताना जड जातं, कारण घर म्हणजे आपल्याकडे नुसत्या चार भिंती नसतात. पण स्वतः विकलेल्या घराला बाजारभाव मिळतो. घेणाऱ्याची बँक तुमच्या बँकेला परस्पर पैसे देते, वरची रक्कम तुम्हाला मिळते. लिलावात तीच जागा राखीव किमतीच्या, म्हणजे बँकेने ठरवलेल्या किमान किमतीच्या, आसपास जाते.

मागणी नोटीस आली: साठ दिवस

एनपीएनंतर कलम १३(२) ची नोटीस येते. एकूण थकबाकी ६० दिवसांत भरा, नाहीतर पुढची कारवाई करू, असा तिचा मजकूर असतो. पोस्टाने, सही घेऊन येते. घेतली नाही तर दारावर चिकटवतात आणि वर्तमानपत्रात छापतात. परत पाठवल्याने काहीही साधत नाही. पोस्टमनला "घरी कोणी नाही" सांगून दिवस फक्त तुमचे जातात.

पाकीट उघडलं की वरच्या कोपऱ्यात मिळाल्याची तारीख लिहा. मग शांतपणे पाहा: कर्जाचा खाते क्रमांक बरोबर आहे का, एनपीएची तारीख कोणती दिली आहे, मागितलेला आकडा उताऱ्याशी जुळतो का, भरलेले हप्ते धरले आहेत का, घराचं वर्णन (गट क्रमांक, प्लॉट क्रमांक, चतुःसीमा) गहाणखताशी जुळतं का, सगळ्या सहकर्जदारांना आणि जामीनदारांना नोटीस गेली आहे का.

मग कलम १३(३अ) खाली हरकत लिहा. हा तुमचा हक्क आहे, आणि बँकेने हरकत मिळाल्यापासून १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यायचं असतं. पत्र शाखाधिकाऱ्याच्या नावाने नको, नोटिशीवर सही असलेल्या प्राधिकृत अधिकाऱ्याच्या नावाने हवं. मजकूर असा साधा ठेवा:

"आपली दिनांक अमुकची मागणी नोटीस मला दिनांक अमुकला मिळाली. मागितलेली रक्कम मला मान्य नाही. मी दिनांक अमुकला भरलेले अमुक रुपये हिशोबात दिसत नाहीत. कर्जमंजुरीपासून आजपर्यंतचा पूर्ण खातेउतारा, व्याजदरातल्या बदलांची यादी आणि लावलेल्या शुल्कांचा तपशील द्यावा. माझी अडचण अशी आहे (दोन ओळी). दरमहा अमुक रुपये आणि अमुक तारखेला एकरकमी अमुक रुपये भरण्याची माझी तयारी आहे. कलम १३(३अ) नुसार कारणांसह लेखी उत्तर द्यावं."

स्पीड पोस्टाने पाठवा, पोहोच जपा, एक प्रत शाखेत देऊन शिक्का घ्या. प्रस्ताव झेपेल तेवढाच द्या. मोडलेला शब्द पुढे तुमच्याच विरुद्ध जोडला जातो. बँकेने हरकत फेटाळली तर नुसत्या त्या उत्तराविरुद्ध न्यायाधिकरणात जाता येत नाही. पण उत्तर आलंच नाही किंवा कारण न देता फेटाळलं, तर तो मुद्दा पुढे कामी येतो.

नोटीस मिळाल्यानंतर बँकेच्या लेखी संमतीशिवाय घर विकायचं नाही, भाडेकरारानेही द्यायचं नाही. कलम १३(१३) ते मना करतं आणि कायदा मोडला तर एक वर्षापर्यंत शिक्षेची तरतूद आहे. "मेहुण्याच्या नावावर करून टाक" हा सल्ला देणारे गल्लीत चार जण भेटतात. ऐकू नका. गिऱ्हाईक असेल तर त्याला घेऊन बँकेतच जा आणि संमती मागा. बँकेलाही लिलावाची कटकट नको असते, बहुतेक वेळा मिळते.

जामीनदारांना एक सांगतो. "मी फक्त सही केली" हे कायद्यात चालत नाही. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच आहे. नोटीस तुम्हालाही आली असेल तर वर लिहिलेली हरकत तुम्हीही स्वतंत्र द्या.

ताब्याची नोटीस: पंचेचाळीस दिवस

साठ दिवस गेले की बँक ताबा घेते. पहिल्यांदा येतो तो सांकेतिक ताबा. दोन माणसं येतात, दारावर नोटीस चिकटवतात, मोबाइलवर फोटो काढतात आणि जातात. सात दिवसांच्या आत ती नोटीस दोन वर्तमानपत्रांत छापली जाते, त्यातलं एक मराठी. शेजारीपाजारी वाचतात, लाज वाटते. पण तुम्ही घरातच असता, कुणी बाहेर काढलेलं नसतं.

याच दिवसापासून ४५ दिवसांची मुदत सुरू होते. कलम १७ खाली कर्जवसुली न्यायाधिकरणात, म्हणजे डीआरटीत, अर्ज करायचा तो याच मुदतीत. आपल्या मराठवाड्याचं डीआरटी छत्रपती संभाजीनगरला आहे. दिवाणी कोर्टात जाऊ नका, कलम ३४ ने तो रस्ता बंद आहे. स्थगितीसाठी थेट उच्च न्यायालयाच्या खंडपीठात धावलात तरी तुम्हाला बहुतेक वेळा डीआरटीकडेच पाठवलं जातं आणि त्यात दिवस जातात. फी फार नाही. दहा लाखांपेक्षा कमी थकबाकीला दर लाखामागे ५०० रुपये, त्यावर असेल तर ५,००० आणि दहा लाखांवरच्या प्रत्येक लाखाला २५०. १८ लाखांच्या थकबाकीला ७,००० रुपये होतात. वकिलाची फी वेगळी. वकील घेताना डीआरटीत नियमित उभं राहणारा घ्या, गावातल्या ओळखीचा म्हणून नको.

डीआरटीत काय चालतं? "माझी परिस्थिती वाईट आहे" एवढ्यावर स्थगिती मिळत नाही. नोटीस नीट बजावली नाही, हरकतीला उत्तर दिलं नाही, आकडा चुकीचा आहे, जाहिरात नियमाप्रमाणे छापली नाही, असे मुद्दे चालतात. स्थगिती मिळाली तरी बहुतेक वेळा काही रक्कम भरायच्या अटीवर मिळते, त्यामुळे हातात थोडे पैसे ठेवूनच जा. तिथे हरलात तर अपील मुंबईच्या अपिलीय न्यायाधिकरणात, ३० दिवसांत. त्यासाठी थकबाकीच्या निम्मी रक्कम भरावी लागते, ती २५ टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकते.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच कार्यालय असतं. महिलांना, अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना आणि दिव्यांगांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. घरकर्जात बायको बहुतेक वेळा सहकर्जदार असते. तिच्या नावाने अर्ज करा.

प्रत्यक्ष ताब्यासाठी बँक जिल्हाधिकाऱ्यांकडे कलम १४ खाली अर्ज करते. त्यांनी ३० दिवसांत, कारणं नोंदवून फार तर ६० दिवसांत आदेश द्यायचा असतो. जिल्हाधिकारी तुमचं कर्ज खरं की खोटं हे बघत बसत नाहीत, फक्त कागदं पूर्ण आहेत का ते पाहतात. मग तहसील कार्यालयाचे लोक पोलिसांसह येतात. बजाजनगरात मी अशा एका ताब्याला हजर होतो. सकाळचे साडेदहा. घरातल्या बाईने गॅसवर ठेवलेला भात उतरवला, आधी देव पाटावर घेऊन बाहेर आणले, मग पोरांची दप्तरं. कुलूप लावून लाखेचं सील बसलं तेव्हा कुकरची शिट्टी आत राहिल्याचं तिच्या लक्षात आलं. मंडळ अधिकाऱ्याने सील थांबवून ती काढून दिली. तो दिवस कुणाच्या वाट्याला येऊ नये. पण तशी तारीख कळलीच तर सामान आदल्या दिवशी हलवा, दागिने आणि मूळ कागदपत्रं सगळ्यात आधी. पंचनाम्यात आतल्या वस्तूंची यादी होते, तिची प्रत हातात घेतल्याशिवाय सही करू नका.

लिलाव: छापील जाहिरातीची तारीख

मावशींच्या बाबतीत उशीर झाला तो इथे. पूर्वी विक्री पूर्ण होईपर्यंत सगळी थकबाकी भरून घर सोडवता यायचं. २०१६ मध्ये कलम १३(८) बदललं. आता लिलावाची जाहिरात छापून येण्याच्या आधीच पूर्ण रक्कम भरावी लागते. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात हे पक्कं केलं. लोक अजून समजतात की लिलावाच्या दिवशी सकाळी पैसे घेऊन गेलं तरी चालतं. तसं नाही. त्या जाहिरातीच्या आधी पैसे भरणं किंवा बँकेच्या संमतीने स्वतः विकणं, या दोन्हींची घाई करा.

जाहिरात आणि लिलाव यांत पहिल्या वेळी किमान ३० दिवस हवेत, तोच लिलाव परत लागला तर १५. त्याआधी मान्यताप्राप्त मूल्यांककाकडून किंमत काढून राखीव किंमत ठरते. ती फार कमी वाटली तर रेडी रेकनरचा दर आणि शेजारच्या नोंदलेल्या विक्रीची सूची क्रमांक दोन (नोंदणी कार्यालयातला व्यवहाराचा उतारा) जोडून लेखी हरकत द्या. राखीव किमतीखाली विकायचं तर कर्जदाराची संमती लागते, ती न विचारता सही करून देऊ नका.

घर विकून कर्ज, व्याज आणि खर्च वळता करून जे उरतं ते तुमचं. बँकेकडे विक्रीचा हिशोब लेखी मागा. मावशींना उरलेली रक्कम तीन अर्ज केल्यावर मिळाली. न मागता आली नसती. उलट विक्रीतून कर्ज फिटलं नाही तर बाकीसाठी बँक पुन्हा तुमच्या मागे येऊ शकते.

एकरकमी तडजोड

ओटीएस, म्हणजे ठरलेली कमी रक्कम एकदम भरून कर्ज मिटवणं, हा कर्जदाराचा हक्क नाही, बँकेची मर्जी आहे. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे सांगितलं. तरीही मार्चच्या आधी आणि राष्ट्रीय लोकअदालतीच्या तोंडावर बँका बोलणी करायला तयार असतात. प्रस्तावाबरोबर थोडी रक्कम भरा, म्हणजे तुमचं बोलणं गांभीर्याने घेतात. तडजोड ठरली की मंजुरीपत्र घ्या आणि त्यातली तारीख पाळा. एक दिवस चुकला तरी तडजोड रद्द होऊन पूर्ण आकडा परत उभा राहतो. सिबिलवर खातं "सेटल्ड" दिसेल आणि पुढची काही वर्षं नवीन कर्ज अवघड जाईल. घर राहत असेल तर ही किंमत मी मोजायला सांगेन.

वसुली एजंटांबद्दल थोडक्यात: सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीसाठी फोन करायचा नाही, धमकी द्यायची नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. फोन रेकॉर्ड करा, बँकेला लेखी तक्रार द्या. ३० दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, घरकर्ज कंपनी असेल तर राष्ट्रीय आवास बँकेकडे.

पतसंस्थेचं कर्ज असेल तर

इथे सरफेसी नाही, महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा १९६० आहे. पतसंस्था सहकार खात्याच्या उपनिबंधक किंवा सहायक निबंधकांकडे कलम १०१ खाली वसुली दाखला मागते. त्याची सुनावणी लागते आणि तुम्हाला नोटीस येते. लोक तिथे जातच नाहीत, "ऑफिसातली तारीख आहे, कोर्टाची थोडीच" म्हणून. पण आकड्यावर हरकत घ्यायची खरी जागा तीच आहे. दाखला एकदा निघाला की त्याविरुद्ध पुनरीक्षण अर्ज करायला निम्मी रक्कम भरावी लागते. पुढे वसुली अधिकारी नियम १०७ प्रमाणे मागणी, जप्ती आणि लिलाव करतो. एक सोय इथे सरफेसीपेक्षा बरी आहे: लिलावानंतरही ३० दिवसांच्या आत पूर्ण थकबाकी आणि खरेदीच्या रकमेच्या ५ टक्के भरले तर विक्री रद्द करून मागता येते. संस्था मल्टिस्टेट (एकाहून जास्त राज्यांत काम करणारी) असेल तर प्रकरण लवादाकडे जातं. म्हणून कर्जाच्या पावतीवर नोंदणी कोणत्या कायद्याखाली आहे ते आधी वाचा.

लिलावातलं घर घेत असाल तर

दुसऱ्याच्या अडचणीवर आपलं घर, हा विचार मनाला टोचतो. तरी घेणारे घेतातच, आणि घ्यायचं तर डोळे उघडे ठेवून घ्या. विक्री "जसं आहे, जिथे आहे" तत्त्वावर असते. घरपट्टी, पाणीपट्टी, वीजबिल, सोसायटीची बाकी तुमच्या गळ्यात पडू शकते. बँकेकडे ताबा सांकेतिक आहे की प्रत्यक्ष, हे जाहिरातीत लिहिलेलं असतं. सांकेतिक असेल तर आत कोण राहतंय ते जाऊन बघा.

मराठवाड्यात मालकीची खोदाई जास्त करावी लागते. जुन्या निजामी राजवटीतल्या मदतमाश, खिदमतमाश इनाम जमिनींवर प्लॉट पाडलेले आहेत. खिदमतमाश म्हणजे मशीद-मंदिरांच्या सेवेसाठी दिलेली जमीन, तिच्यावरचा व्यवहार फार अडचणीचा. म्हणून चालू सातबाऱ्यावर न थांबता जुने फेरफार आणि खासरा पत्रक काढा. गुंठेवारीतलं घर असेल तर नियमितीकरणाचं प्रमाणपत्र पाहा. गावठाणाबाहेर निव्वळ ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर (घरपट्टीच्या उताऱ्यावर) कर्ज दिलेलं असेल तर अकृषिक आदेश आहे का ते विचारा. बँकेने कर्ज दिलं म्हणजे कागद स्वच्छ, असं धरू नका.

पैशाचं वेळापत्रक कडक असतं. बयाण्यासह २५ टक्के त्याच दिवशी किंवा दुसऱ्या कामाच्या दिवशी, उरलेले ७५ टक्के विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत. ही मुदत लेखी वाढवून घेता येते, पण तीन महिन्यांच्या पुढे नाही. कर्ज काढून घेणार असाल तर बोली लावायच्या आधी मंजुरी हातात हवी, नाहीतर भरलेले पैसे जप्त होतात.

कर्ज फिटल्यावर

पूर्ण रक्कम भरली की बँकेने ३० दिवसांत मूळ कागदपत्रं परत द्यायची असतात. उशीर बँकेमुळे झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई, हा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. ना-देय दाखला घ्या, तो तलाठ्याकडे देऊन सातबाऱ्याच्या इतर हक्कांतला बोजा कमी करून घ्या, शहरात असाल तर मालमत्ता पत्रकावरचा. सरसाईच्या (गहाणांच्या केंद्रीय नोंदणीच्या) नोंदीवरून गहाण उतरल्याचीही खात्री करा. कागदपत्रं घेताना काउंटरवरच बसा, कर्ज घेताना मिळालेली यादी समोर ठेवा आणि खरेदीखताचं एकेक पान उलटून नोंदणीचा शिक्का आणि पान क्रमांक मोजून घ्या. एक जरी पान कमी निघालं तर तिथेच पोहोचीवर लिहून अधिकाऱ्याची सही घ्या.